झाकली मूठ

सामना संपतो, पंच विजेतीचा हात वर करतो, आणि ती मुलगी दोरांमधून वाकून थेट कोपऱ्यात उभ्या असलेल्या ताईच्या गळ्यात पडते. असा फोटो आला की पुढचे चार दिवस वाद ठरलेलाच. एक बाजू डोळे पुसत म्हणते, बघा, ज्या घरात मार खाल्ला त्याच घरातून लढवय्यी निघाली. दुसरी बाजू विचारते, मार खाल्लेल्या पोरीला आणखी मारामारी शिकवायची, हा कुठला उपचार? एकीच्या लेखी खेळ तारणहार, दुसरीच्या लेखी आगीतून फुफाट्यात. दोघी त्या मुलीची बाजू घेऊन भांडतायत असं वरवर वाटतं, पण नीट ऐकलं तर सगळं भांडण खेळावरून चाललेलं असतं. मुलगी निमित्ताला, आणि ताई तर फोटोच्या कडेला अर्धी कापलेली.

माझं मत आधीच सांगून टाकतो. खेळ अशा मुलीला वाचवत नाही. घराबाहेर राहायला चारचौघांत सांगता येईल असं एक कारण तेवढं तो पुरवतो. वाचवते ती ताई, आणि तीही स्वतः धड मोठी झालेली नसताना. त्यामुळे लढणं मुलींना चांगलं की वाईट यावर आपण कितीही घसा कोरडा केला तरी मूळ गोष्ट तशीच राहते: छळाच्या घरातून बाहेर पडायला मुलीला आधी गुणी असावं लागतं. साध्या, बेताच्या, पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलीने काय करायचं?

'कारण' हा शब्द मी जपून वापरतोय. 'मला घरी जायची भीती वाटते' हे वाक्य ऐकणाऱ्याला अडचणीत टाकतं. त्याला काहीतरी करावं लागतं, निदान काही न केल्याची टोचणी तरी लागते. 'सराव आहे' या वाक्याने कुणाचंच काही बिघडत नाही. बाप खपवून घेतो, शेजारी कौतुक करतात, शाळा उशिराची सवलत देते. सरावाने रोजचे दोन तास मिळतात, शिबिराने पंधरवडा, वसतिगृहाने काही वर्षं. आणि हे कारणसुद्धा मुलींच्या हाती फार उशिरा आलं. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जूदोला पदकांचा मान 1992 मध्ये मिळाला, कुस्तीला 2004 मध्ये, मुष्टियुद्धाला तर थेट 2012 मध्ये. त्याआधी ठोसे मारायला जाणाऱ्या मुलीने घरी काय सांगायचं? मेरी कोमच्या वडिलांना मुलगी मुष्टियुद्ध खेळते हे 2000 साली तिने राज्य स्पर्धा जिंकल्यावर वर्तमानपत्रातल्या फोटोवरून कळलं. ते घर छळाचं नव्हतं, वडिलांना तिची काळजी होती, एवढंच. तरी लपवावं लागलं, कारण हे कारण अजून समाजात चालणाऱ्या नाण्यासारखं झालं नव्हतं.

मी काही काळ एका हॉलमध्ये संध्याकाळी वेळ पाहायला बसत असे. काम सोपं. तीन मिनिटं झाली की घंटा, एक मिनिट विश्रांती, पुन्हा घंटा. तिथे दोन बहिणी यायच्या. थोरली पॅड धरायची, धाकटी मारायची. ठरलेले राउंड संपले की धाकटी दर वेळी म्हणायची, "ताई, अजून एक." प्रशिक्षक खूश. बाकीच्यांना तिचं उदाहरण द्यायचे, हिच्यासारखी भूक पाहिजे म्हणून. मलाही तसंच वाटायचं. एकदा हॉलला कुलूप लागल्यावर माझं काहीतरी आत राहिलं म्हणून परत आलो, तर दोघी पायऱ्यांवर बसलेल्या. हाताच्या पट्ट्या सोडून त्यांची वळकटी करत होत्या. साडेचार मीटरची पट्टी, गुंडाळायला मिनिटभर लागतं. धाकटी गुंडाळत होती, शेवटाला येऊन पुन्हा सोडत होती, पुन्हा पहिल्यापासून गुंडाळत होती. ताई तिला घाई करत नव्हती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, की 'अजून एक' ही भूक राउंडची नव्हती.

आता विरोधकांचं ऐकू. त्यांचा पहिला मुद्दा अजिबात हलका नाही. डोक्यावर वारंवार बसणाऱ्या ठोशांनी मेंदूचं काय होतं हे हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने 1928 मध्येच वैद्यकीय नियतकालिकात लिहून ठेवलंय. 2018 च्या नोव्हेंबरात थायलंडमध्ये 13 वर्षांचा एक मुलगा मुए थाई या तिथल्या मुष्टियुद्धाच्या लढतीत डोक्याला मार लागून गेला. आठव्या वर्षापासून लढत होता, तोवर त्याच्या नावावर 170 च्या आसपास लढती होत्या, आणि त्या पैशांचा घराला आधार होता. खेळ माणूस घडवतो म्हणणाऱ्यांसाठी माईक टायसनचं उदाहरण आहेच. कस डमाटो या वृद्ध प्रशिक्षकाने त्याला घरी ठेवून घेतलं, आई गेल्यावर त्याचं कायदेशीर पालकत्व पत्करलं. 1986 मध्ये विसाव्या वर्षी टायसन जगज्जेता झाला, आणि 1992 मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला. डमाटोने त्याला पत्ता दिला, पोटभर जेवण दिलं, जगातला सर्वांत भयंकर ठोसा दिला. बाकीचं राहून गेलं. तेव्हा रिंगणात उतरलं की जखमा आपोआप भरतात असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हणत असेल तर त्याने रिंगण दुरून पाहिलंय.

पण विरोधक तुलना कशाशी करतात? त्यांच्या डोळ्यांसमोर रिंगणाच्या पलीकडे एक शांत घर असतं, जिथे मुलगी अभ्यास करेल, चित्रं काढेल. त्या मुलीसमोर ते घर कधी नव्हतंच. तिच्यापुढचे पर्याय दोन: नियम असलेला मार आणि नियम नसलेला मार. जूदोत हाताने दोनदा थोपटलं की समोरच्याने पकड सोडायचीच, मग तो कितीही बलवान असो. कुस्तीत, मुष्टियुद्धात वजनगट असतात. 48 किलोच्या मुलीवर 80 किलोचं माणूस सोडत नाहीत. घंटा वाजली की हात खाली येतात, आणि ज्याच्या नाकातून रक्त आलं त्याच्याकडे कुणीतरी धावत जातं. आपल्याला हे सगळं इतकं साधं वाटतं की ते दिसतच नाही. ज्या मुलीने घरी 'पुरे' म्हणून पाहिलंय आणि त्याचा उपयोग झालेला नाही, तिला 'पुरे' हा शब्द चालतो अशी पहिली जागा इथे भेटते. लोईक वाकाँ हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ 1988 पासून सुमारे तीन वर्षं शिकागोच्या एका गरीब वस्तीतल्या बॉक्सिंग जिममध्ये स्वतः सराव करत होता. त्याला जाणवलं ते हेच, की बाहेरच्या रस्त्यावरच्या बेबंद हिंसेपासून आडोसा म्हणून ती जिम उभी होती, शिस्तीच्या आणि नियमांच्या भिंतींनी. त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली आणि तीही लपवून चालणार नाही. त्यातले कितीतरी मुष्टियोद्धे आपल्या मुलांनी या धंद्यात येऊ नये असं म्हणत. आडोसा हवा होता, वारसा नको होता. मला वाटतं, या विषयावरचं सर्वांत शहाणं मत त्यांचंच आहे.

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे, आणि तो मांडणाऱ्यांशी माझं जवळजवळ एकमत आहे. घरातला मालक जाऊन प्रशिक्षक मालक झाला तर? पहिलवान हमीदा बानूची कहाणी इथे आठवावीच लागते. घरच्या भागात स्त्रीने कुस्ती खेळणं खपणारं नव्हतं म्हणून ती मिर्झापूर सोडून अलीगढला सलाम पहिलवानाकडे शिकायला गेली. 1954 मध्ये बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला 1 मिनिट 34 सेकंदांत चीत केलं. मला हरवील त्याच्याशी लग्न करीन, असं आव्हान देत ती पुरुषांशी लढत होती. आणि पुढे तिने युरोपात जाऊन लढायचं ठरवलं तेव्हा, तिच्या घरच्यांनी नंतर सांगितलं त्याप्रमाणे, याच सलाम पहिलवानाने तिला मारून तिचे हात मोडले. ज्याने दार उघडलं त्यानेच पुढचं दार हात मोडून बंद केलं. अलीकडचं पाहायचं तर अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सचा डॉक्टर लॅरी नासर. 2018 च्या जानेवारीत त्याला लैंगिक अत्याचारांबद्दल शिक्षा झाली तेव्हा 150 हून अधिक मुलींनी आणि स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून आपलं म्हणणं मांडलं. त्यांच्यापैकी काहींचे आईवडील तपासणीच्या वेळी त्याच खोलीत होते. तेव्हा 'खेळाच्या क्षेत्रात मुलगी सुरक्षित' या वाक्यापुढे पूर्णविराम देण्याची माझी तयारी नाही.

लढण्याच्या खेळांबद्दल तर आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी दोन्ही बाजू गप्प असतात. इथे वळ लपतो. धावणाऱ्या मुलीच्या दंडावर बोटांचे ठसे दिसले तर कुणीतरी विचारेल. कुस्तीच्या मॅटवर त्याच दंडाकडे पाहून प्रशिक्षक म्हणतो, पकड सोडवायला उशीर केलास. डोळ्याखाली काळं-निळं, फाटका ओठ, दुखरी बरगडी, सगळ्याचं उत्तर तयार: सराव. मुष्टियुद्धाच्या स्पर्धेआधी डॉक्टर खेळाडूला तपासतात, पण ती आज उतरू शकेल की नाही एवढंच पाहायला. ही जखम कुठली, कधीची, हा प्रश्न त्या तपासणीत बसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची असं आपण म्हणतो. इथे अक्षरशः मूठ झाकायला पट्टी आणि ग्लोव्ह मिळतात, आणि त्या मुठीच्या आड घराची इभ्रत सांभाळली जाते. जे कारण मुलीला दोन तास बाहेर काढतं, तेच उरलेल्या बावीस तासांतला पुरावा पुसतं. खेळाच्या भक्तांनी एकदा या वाक्याशी झटापट करून पाहावी.

मग काय, मुलीला परत पाठवायचं? अर्थातच नाही. प्रशिक्षक दगा देऊ शकतो याचा अर्थ एवढाच, की मुलीची सुटका एका माणसाच्या मर्जीवर टांगलेली नसावी. आणि इथेच ताई किती मोलाची आहे ते कळतं. पट्टी ताई बांधते, म्हणून काल नसलेली सूज आज कुठून आली हे तिला माहीत असतं. कुठला वळ मॅटवरचा आणि कुठला घरचा, हे ओळखणारी ती एकटी, कारण दोन्हीकडे ती हजर असते. हवाईच्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, भांडणं, आजारी किंवा व्यसनी पालक अशा घरांतल्या, ज्यांचं काही खरं नाही असं वाटावं अशा मुलांपैकी साधारण तिसरा हिस्सा मुलं धडधाकट, आत्मविश्वास असलेली माणसं झाली. त्यांच्यात वारंवार दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एका माणसाशी जुळलेलं, न तुटणारं नातं. तो माणूस आईबापच असायला हवा असं नव्हतं. आजी चालली, मोठं भावंडही चाललं.

इथे थांबून ताईच्या गळ्यात हार घातला की आपण मोकळे, असं मात्र होता कामा नये. 'ताई म्हणजे दुसरी आई' हे वाक्य मला ऐकवत नाही. ती आई नाही. ती सतरा-अठरा वर्षांची मुलगी आहे, आणि त्याच घरात तिनेही मार खाल्लाय, बहुधा धाकटीच्या वाटचाही. बहिणींच्या गौरवकथांत आपल्याला जपानच्या कुस्तीगीर कावाई बहिणी आवडतात, आणि आवडाव्यातच. थोरली रिसाको 2016 च्या ऑलिंपिकमध्ये 63 किलो गटात सुवर्ण जिंकून आली होती. धाकट्या युकाकोला वरच्या गटात वाट मोकळी राहावी म्हणून ती 57 किलोत उतरली, आणि त्या गटात कोण होती तर चार ऑलिंपिक सुवर्णं घेतलेली काओरी इचो. 2019 मध्ये इचोला हरवून रिसाकोने जागा मिळवली, आणि 2021 च्या ऑगस्टमध्ये टोकियोत आधी धाकटी, दुसऱ्या दिवशी थोरली, अशा दोघींनी सुवर्णं घेतली. धाकटीसाठी वजनगट सोडणारी बहीण! पण त्या घरात आई स्वतः कुस्तीगीर होती, मागे भक्कम व्यवस्था होती, हरली असती तरी रिसाको परत जायला घाबरली नसती. आपल्या फोटोतल्या ताईने काय सोडलं? तिने स्वतःचा सरावच सोडलेला असतो. पॅड धरणाऱ्या हातांना स्वतःचे ठोसे मारायला उसंत मिळत नाही. शिक्षण अर्धवट, मिळेल ती नोकरी, आणि मनात सतत हिशेब की आज कोण आधी घरी पोचेल. तिचं वजन कुठल्याच गटात मोजलं जात नाही.

निवड चाचणी तर दोघींना वेगळं करण्यासाठीच बांधलेली असते. निवडकर्त्याला दोन मुलींतली एक चमकदार दिसते, ती वसतिगृहात जाते, दुसरी घरी राहते. कुठल्या घरी? ज्या घरातून पहिलीला काढलं म्हणून आपण टाळ्या वाजवल्या, त्याच. आणि आता मार वाटून घ्यायला कुणी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 च्या डिसेंबरात घराबाहेर वाढणाऱ्या मुलांच्या सांभाळाविषयी मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली. त्यांत स्पष्ट म्हटलंय, की ज्या भावंडांमध्ये जिव्हाळा आहे त्यांना शक्यतो वेगळं करू नये. अनाथालयांना, पालक-कुटुंबांना आपण हा नियम सांगतो. क्रीडा वसतिगृहाला कधी सांगितलाय? तिथे मुलगी 'मूल' नसतेच, ती 'प्रतिभा' असते. प्रतिभेला कुठलं भावंड?

यावर एक व्यवहारी आक्षेप येतो: क्रीडासंस्था खेळासाठी असतात, त्यांनी समाजकल्याण खात्याचं काम का करावं? पैसा मर्यादित, खाटा मर्यादित, ज्याच्यात दम त्यालाच जागा. हा आक्षेप मी उडवून लावत नाही. पण ही माणसं विजेतीच्या मुलाखतीत मात्र समाजकल्याणाचंच श्रेय घेतात: 'आम्ही तिला नवं आयुष्य दिलं.' आयुष्य दिलं असेल तर ते गुडघ्याच्या लिगामेंटवर कसं अवलंबून? गुडघा गेला की मुलगी नऊ महिने ते वर्षभर मॅटबाहेर जाते, आणि तिची खाट दुसरीला जाते. म्हणजे सुटका सशर्त होती, आणि शर्त अशी, की जिंकत राहा. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराची क्लॅरेसा शील्ड्स 2012 च्या ऑलिंपिकमध्ये 17 व्या वर्षी मुष्टियुद्धात सुवर्ण जिंकली. तिच्या लहानपणीचे अत्याचार, वडिलांचा तुरुंगवास, प्रशिक्षकाच्या घरी राहायला जाणं, हे सगळं जगाला कळलं ते त्या पदकामुळे. फ्लिंटमध्येच, त्याच वयाची, पहिल्या फेरीत हरलेली एखादी असेलच की. तिची गोष्ट आपल्यापर्यंत पोचायला कुठली वाट आहे? जिंकलेल्यांच्याच गोष्टी ऐकून 'खेळाने वाचवलं' असा निष्कर्ष काढणं म्हणजे किनाऱ्याला लागलेल्यांना विचारून समुद्र उथळ असल्याचं ठरवणं.

आणि हे सगळं ज्या एका कागदावर अडतं, त्याच्याबद्दल मात्र कुणी भांडत नाही. 15 वर्षांखालच्या मुलाने लढतीत उतरावं की नाही हे ठरवताना थायलंडचा 1999 चा कायदा पालकांच्या परवानगीकडे बोट दाखवतो. जगभरात स्पर्धेचे, शिबिरांचे, वसतिगृहांचे अर्ज पालकाची सही मागतात. गृहीत असं, की मुलाचं भलं सर्वांत जास्त कळतं ते पालकाला. बहुतेक घरांत ते खरंही आहे आणि ती सही मुलांना लोभी प्रशिक्षकांपासून वाचवतेही, म्हणून ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. पण ज्या घरापासून पळायचं, त्याच घराची सही? मारणारा हात पेन धरणार आणि त्या बदल्यात काय मागणार, याचा विचार अर्ज छापणाऱ्याने केलेला नसतो. बक्षिसाची रक्कम, दर सुट्टीत घरी यायची हमी, तोंड बंद ठेवायची अट. यातलं काहीही असू शकतं. मुलांच्या हक्कांच्या 1989 च्या करारात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायला सांगितलंय. अर्जावर त्यासाठी एक ओळसुद्धा नसते.

त्या पायऱ्यांवरच्या धाकटीचं नाव एका निवासी शिबिरासाठी आलं होतं. थोरलीला नुकतंच एकोणिसावं लागलं होतं. अर्ज द्यायला दोघी गेल्या, घड्याळवाला म्हणून मीही सोबत. पालकाच्या रकान्यात ताईने नीट अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'नातं' या शब्दासमोर 'बहीण'. टेबलामागच्या गृहस्थांनी चष्मा वर करून वाचलं, तिच्याकडे पाहिलं, वाईट वागले नाहीत, उलट खुर्ची दिली. म्हणाले, "बाळ, आई किंवा वडील कुणीतरी उद्या घेऊन ये." ताईने अर्ज परत घेतला, घडी घातली, आणि धाकटीचा हात धरून बाहेर आली. बाहेर आल्यावर धाकटीने विचारलं, "मग आज सराव आहे ना?"